सोनाजीनं दाखवलेली घळ

सोनाजी बिडगरनं पन्नाशी ओलांडली, वर दोन वर्षं झाली, तोवर त्याला कुणी मनापासून काही विचारलं नव्हतं. मेंढरू केवढ्याला दिलं, विहिरीला पाणी आहे का, हा रस्ता नांदगावला निघतो का, एवढं लोक विचारायचे. त्यापलीकडं त्याच्याजवळ विचारण्यासारखं काही असेल, असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही.

वैजापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडं सरकलेल्या माळावर खांडेवाडी म्हणून तीस-पस्तीस घरांची वस्ती आहे. सोनाजी तिथला धनगर. सत्तर-ऐंशी मेंढरं, दोन एकर मुरमाड रान, बायको सुगंधाबाई आणि लग्न होऊन सासरी गेलेली एक लेक, एवढाच त्याचा पसारा. दिवस उजाडला की मेंढरांमागं निघायचं, कलला की परतायचं. बोलायची सवय कमी. नजर मात्र अशी, की गवतात दबून बसलेली लावी त्याला दहा पावलांवरून दिसायची.

कॅमेरा त्याच्याकडं चार वर्षांपूर्वी आला. सरकारी फॉर्मला चिकटवायला फोटो हवा होता म्हणून तो वैजापूरच्या बाजारात दाऊद शेखच्या स्टुडिओत गेला होता. काउंटरवर एक जुना, लांब सोंडेचा कॅमेरा धूळ खात पडलेला. दाऊद दिवे नीट करत होता, तेवढ्यात सोनाजीनं तो उचलून डोळ्याला लावला. समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर एक पारवा बसला होता. त्याच्या डोळ्याभोवतीची लाल कड सोनाजीला दिसली. तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"दाऊदभाई, हा इकायचा का?"

"इकायचा म्हंजे... अच्छा चालतो, काही बिघाड नाय. पण लग्नात आता हा दाखवला तर लोक हसतात. तुमी काय करणार भाऊ याचं?"

"बघणार," सोनाजी म्हणाला.

बकरी ईद पंधरा दिवसांवर आली होती. एका बोकडावर सौदा ठरला. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सोनाजी दाऊदकडं यायचा, दाऊद कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायचा आणि दोघं चहा पीत फोटो बघायचे. सुरुवातीला नुसतं आभाळ, मेंढराचे पाय, हललेलं गवत. मग हळूहळू खोकड दिसायला लागलं, धाविक पक्षी आला, बोरीच्या झुडपात अंडी उबवणारा होला आला. दाऊदनं आयुष्यभर नवरा-नवरीचे फोटो काढले होते. आपल्याच तालुक्यात हे सगळं राहतं, हे त्याला साठीला टेकल्यावर कळत होतं.

आणि मग एका माघात लांडगीचा फोटो आला. ओढ्याच्या घळीत एक बीळ, बिळातून अर्धी बाहेर आलेली लांडगी, तिच्या तोंडात मानेला धरलेलं पिलू, आणि मागं अंधारात आणखी दोन कान. लांडगी सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. त्या बघण्यात भीती नव्हती.

दाऊदनं चहाचा कप खाली ठेवला. "किती लांबून काढला?"

"दोनशे पावलं. बाभळीखाली पडून. तिला ठावं हुतं मी हाय ते. वळखती ती मला. तिची आयबी हितंच व्यायची."

ती घळ सोनाजीला लहानपणापासून ठाऊक होती. वर्षाला एखाद-दुसरं कोकरू लांडगी त्याच्याही कळपातलं न्यायची. तो शिव्या द्यायचा, दगड भिरकावायचा, आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा. पण घळ त्यानं कुणाला सांगितली नव्हती. वस्तीवरच्या लोकांना कळली असती तर त्यांनी बिळाच्या तोंडाशी काट्या पेटवून पिलं धुरानं मारली असती. पूर्वी दोन ठिकाणी मारली होती. सुगंधाबाईलासुद्धा ती जागा नेमकी ठाऊक नव्हती.

"फोटो लावा कुठं लावायचा तर," तो दाऊदला म्हणाला, "पण कुठला ते नाय सांगायचं."

दाऊदनं शब्द पाळला. त्यानं फोटो नेटवर टाकला तो फक्त सोनाजीचं नाव घालून. तो कुठून कुठं फिरला कुणास ठाऊक. दिवाळीनंतर दाऊदला संभाजीनगरहून फोन आला. जानेवारीच्या शेवटी तिथं छायाचित्रकारांचं तीन दिवसांचं संमेलन भरणार होतं. हा फोटो प्रदर्शनात मोठा करून लावायचा होता, आणि ज्यांनी काढला त्यांनी येऊन दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती.

सुगंधाबाईनं ऐकलं आणि ती हसायलाच लागली. "तुमी बोलणार? आवो, लेकीच्या लग्नात व्याह्याशी दोन शब्द बोलला नाय तुमी."

"दाऊदभाई हायेत ना संगं."

"मंग जा. मेंढरं मी बघते तीन दिस." तिनं पेटीतला पांढरा फेटा काढला, धुतला, आणि दोन दिवस उन्हात घातला.

शहर त्याला अगदीच परकं होतं असं नाही. एकदा मेंढरांच्या ट्रकमध्ये बसून तो त्यातून आरपार गेला होता. पण शहरात उतरला असा कधी नव्हता. एस.टी.तून उतरल्यावर पहिल्यांदा त्याला जाणवलं ते हे, की इथं लांबचं काही दिसत नाही. जिकडं बघावं तिकडं नजर भिंतीला अडते. दाऊद त्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून न्यायचा, आणि सोनाजीला त्याची लाज वाटायची नाही.

हॉलच्या दारात एका मुलीनं त्याच्या गळ्यात फीत घातली. तिच्या टोकाला कार्ड होतं. सोनाजी चौथी शिकला होता. त्यानं ते सावकाश वाचलं: सोनाजी बिडगर, वन्यजीव छायाचित्रकार. मग आत जाऊन खुर्चीवर बसल्यावर पुन्हा वाचलं.

त्या तीन दिवसांत त्याला जे मिळालं, ते त्याच्या वाट्याला आधी कधीच आलं नव्हतं. पहिल्या दिवशी पहाटे सगळ्यांना सलीम अली सरोवरावर नेलं. चारी बाजूंनी शहर जागं होत होतं, गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि मधोमध पाण्यावर धुकं धरलेलं. पन्नास-साठ माणसं, प्रत्येकाच्या हातात सोनाजीच्या कॅमेऱ्यासारखे चार बसतील एवढा कॅमेरा. आणि सगळे एकमेकांना विचारतायत, कुठे, कुठे. सोनाजीनं नुसतं बोट केलं. लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी पिलाला घेऊन चालली होती. मग त्यानं वाळक्या फांदीवरचा खंड्या दाखवला. मग काठाच्या चिखलात, चिखलाच्याच रंगाची पाणलावी. अर्ध्या तासात निम्मी माणसं त्याच्या मागून चालत होती.

"काका, आता कुठे बघायचं?"

"बोलू नका, मंग दिसंल," सोनाजी म्हणाला, आणि लोक खरोखर गप्प झाले. आपण म्हणालो आणि शहरातली साहेबमाणसं गप्प झाली, याचं त्याला दिवसभर नवल वाटत राहिलं.

दुपारी दाऊदनं त्याला पाणचक्की दाखवली, मकबरा दाखवला. दुसऱ्या दिवशी बसनं जायकवाडीच्या पाण्यावर नेलं. वाटेत बिडकीन लागलं तसा सोनाजी खिडकीला चिकटला. लहान असताना बापाबरोबर मेंढरं घेऊन तो इथवर आला होता. तेव्हा कुसळी गवताचा माळ होता, संपता संपत नव्हता. आता तिथं रुंद, सरळ, रिकामे रस्ते होते, दिव्यांचे खांब होते, आणि तारेच्या कुंपणामागं कुठंकुठं एखादी कंपनी.

"इथं बी लांडगं हुतं," तो दाऊदला म्हणाला.

शेजारच्या सीटवर एक तिशीतला मुलगा बसला होता, सार्थक नावाचा. चिकलठाण्याला कंपनीत इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी जनावरांचे फोटो काढायचा. त्यानं हे ऐकलं आणि तो वळून बसला. "काका, मग ते कुठे गेले?" त्यानं विचारलं, आणि पुढचा तासभर तो विचारतच राहिला. लांडगी किती दिवस पिलं बिळात ठेवते, नर काय करतो, कुत्र्याशी गाठ पडली तर काय होतं. सोनाजी सांगत गेला. आपल्याजवळ एवढं आहे हे त्याला सांगता सांगता समजत होतं. पाण्यावर पोचल्यावर दूर उथळात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसली, आणि सार्थकनं आपल्या मोठ्या कॅमेऱ्यातून ती आधी सोनाजीला बघायला दिली.

तिसऱ्या दिवशी त्याला मंचावर बोलावलं. मागं भिंतभर लांडगीचा फोटो. सोनाजी माइकसमोर उभा राहिला आणि त्यानं एकदा वळून लांडगीकडं बघून घेतलं. मग म्हणाला, "ही दर वरसाला माझं एक कोकरू खाती." लोक हसले. त्याला धीर आला. "खाती तर खाती. तिलाबी लेकरं हायेत. म्या काय लई हुशारीनं फोटू काढला नाय. मी रोज तिथं जातो. रोज गेलं की जनावर म्हणतं, हा आपलाच हाय." एवढंच बोलून तो उतरला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. दाऊद डोळे पुसत होता.

जेवताना कुणीतरी विचारलं, "काका, ही जागा नेमकी कुठे?" सोनाजी नुसता हसला. दुसऱ्यानं विचारलं, तेव्हाही हसला. पण संध्याकाळी सार्थक त्याला आपल्या गाडीतून विद्यापीठामागच्या लेण्यांकडं घेऊन गेला. दोघं वरच्या पायऱ्यांवर बसले. खाली सगळं शहर उन्हात पसरलेलं, मकबऱ्याचा घुमट वाटीएवढा. शहरात पहिल्यांदाच सोनाजीला लांबवर दिसत होतं.

"काका, यंदाही ती आहे का त्याच बिळात?"

"हाय. पाच पिलं हायेत. महिन्याची झाली."

"मला एकदा दाखवाल? फक्त मी आणि माझे तीन मित्र. तुम्ही सांगाल तिथेच बसू. तुमच्यासारखं एकदा तरी बघायचंय."

सोनाजी खालच्या शहराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "या. ऐतवारी या. गाड्या विहिरीपाशी लावायच्या अन् पायी यायचं."

परतीच्या एस.टी.त त्यानं हे दाऊदला सांगितलं. दाऊदनं त्याच्याकडं बघितलं. "तुम्हीच म्हणला होता ना, कुठला ते सांगायचं नाय?"

"चांगलं पोरगं हाय."

"पोरगं चांगलं आहे, ते मी पण बघितलं. तरी सोचून बघा."

सोनाजीनं विचार केला तो एवढाच, की शब्द दिलाय.

रविवारी चार माणसं येणार होती. नऊ आली, तीन गाड्यांतून. सार्थक ओशाळून म्हणाला, "काका, ग्रुपमध्ये कळलं आणि मग नाही म्हणता येईना." विहिरीपाशी गाड्या थांबल्याच नाहीत. माळावरून गवत तुडवत थेट बाभळीपर्यंत गेल्या. लांडगी शिकारीला गेली होती. पिलं बिळाबाहेर एकमेकांच्या अंगावर लोळत होती. एकाच्या छातीवर पांढरा ठिपका होता, ते सगळ्यांत धीट. नऊ कॅमेरे एकदम वाजायला लागले. पिलं आत पळाली.

थोड्या वेळानं पलीकडच्या उंचवट्यावर लांडगी आली. तिनं गाड्या बघितल्या, माणसं बघितली. पुढं आली नाही. उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उभी राहिली. पोटाखाली दूध भरून आलेलं सोनाजीला एवढ्या लांबून दिसत होतं.

"चला आता," तो म्हणाला. "ती येणार नाय. पिलं भुकेजली असतील."

"अजून दहा मिनिटं, काका."

दहा मिनिटांचे तीन तास झाले. एकानं ड्रोन उडवला. त्याच्या घूंघूं आवाजानं लांडगी उंचवट्यामागं दिसेनाशी झाली. मग निळ्या टोपीचा एक गृहस्थ उठला आणि वाकून थेट बिळाच्या तोंडाशी गेला, मोबाइल धरलेला हात त्यानं आत घातला.

"ओ साहेब! माघारी या!" सोनाजी धावला.

"एकच मिनिट, काका."

"अरे, बास आता," सार्थकही म्हणाला, पण म्हणताना त्याचा स्वतःचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता.

निघताना त्यांनी सोनाजीला मधे उभं करून सगळ्यांचा फोटो काढला. सोनाजी उभा राहिला. कुणीतरी हसायला सांगितलं, तेव्हा हसलासुद्धा. तो फोटो नंतर त्याला दाऊदच्या कॉम्प्युटरवर बघायला मिळाला. बघून तो तसाच उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीळ रिकामं होतं. लांडगीनं पिलं हलवली होती. मातीत तिच्या जाण्या-येण्याच्या खुणा होत्या, उगवतीकडं, डांबरी रस्त्याच्या बाजूला. एरवी ती कधी त्या बाजूला जात नसे. सोनाजी मेंढरं सोडून त्या खुणांवरून चालत गेला. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या ठिपक्याचं पिलू पडलं होतं. गाडीखाली आलं होतं. सोनाजीनं ते उचललं, एका तरवडाच्या झुडपाखाली नेऊन ठेवलं आणि वर दगड रचले. दोन दिवसांनी एका शेताच्या बांधाशी दुसरं सापडलं. त्याला काही लागलेलं नव्हतं. ते नुसतं उपाशी मेलं होतं. बाकीच्या तिघांचं काय झालं, हे त्याला कधीच समजलं नाही. आठ दिवस लांडगी भरदिवसा माळावर हिंडत होती. झुडूप हुंगायची, थांबायची, पुन्हा मागं यायची. मेंढरं समोर चरत असायची, त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी आणखी दोन गाड्या आल्या, अनोळखी माणसांच्या. सोनाजीनं त्यांना माघारी पाठवलं, पण तोवर वस्तीवरच्यांनी काय आहे म्हणून येऊन घळ बघितली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी बीळ काट्या-दगडांनी बुजवून टाकलं. त्यानंतर लांडगी दिसली नाही.

सोनाजीनं दाऊदच्या दुकानातून सार्थकला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं.

"काका, माझं चुकलं. मी एवढ्यांना आणायला नको होतं. मी माझे सगळे फोटो काढून टाकतो."

"तुमचं काय चुकलं? वाट म्या दावली."

"काका, असं नका म्हणू."

"असंच हाय ते," सोनाजी म्हणाला आणि फोन दाऊदच्या हातात दिला.

घरी तो आठवडाभर धड जेवला नाही. सुगंधाबाईनं एकदा भाकरीचं ताट समोर ठेवून विचारलं, "तुमी मुद्दाम केलं का? मंग कशाला जीव जाळता?"

"मुद्दाम नाय केलं." तो भाकरी नुसती मोडत राहिला. "पण त्ये मला काका काका म्हणत हुते. मला बरं वाटत हुतं. चाळीस साल म्या कुणाला सांगितलं नाय, अन् तीन दिसांत सांगितलं."

सुगंधाबाईनं ताटात कालवण वाढलं आणि तिथंच बसून राहिली, तो जेवेपर्यंत.

पुढच्या बाजाराला तो कॅमेरा फडक्यात गुंडाळून दाऊदकडं घेऊन गेला.

"हा ठिवा तुमच्यापाशी."

"बोकड तर आम्ही कधीच खाल्ला, भाऊ. आता हा परत कसा घेऊ?" दाऊदनं हसून सांगायचा प्रयत्न केला. सोनाजी हसला नाही. तेव्हा दाऊदनं कॅमेरा घेतला, पुसला आणि काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. "तुमचाच आहे. पाहिजे तेव्हा न्या." सोनाजी बाजाराच्या दिवशी अजूनही तिथं जातो, चहा पितो, पण कपाटाकडं पाठ करून बसतो.

वर्ष गेलं. संमेलनाचं बोलावणं पुन्हा आलं, या वेळी छापील कार्ड. सोनाजीनं दाऊदला सांगितलं, कळवून टाका, जमत नाय. सार्थक मधे एकदा एकटाच वैजापूरला आला, दाऊदच्या दुकानात तासभर बसला आणि खांडेवाडीला न जाताच परत गेला. दाऊदनं हे सांगितलं तेव्हा सोनाजी म्हणाला, "यायचं हुतं की घरी. चहा तरी घेतला असता." ते त्यानं मनापासूनच म्हटलं होतं.

त्या जानेवारीत सोनाजी मेंढरं घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेनं चालला होता. एक गाडी थांबली. आत नवरा-बायको आणि मागं एक लहान मुलगी. माणसानं काच खाली केली आणि मोबाइलवरचा एक फोटो पुढं धरला. तोच फोटो, तोंडात पिलू धरलेली लांडगी.

"बाबा, हे लांडगे या भागात दिसतात म्हणे. तुम्हाला माहीत आहे का कुठे ते?"

सोनाजीनं फोटोकडं बघितलं. पूर्वी असतं तर खोटं बोलावं लागलं असतं.

"नाय," तो म्हणाला. "इथं लांडगं नायत."

मागच्या मुलीनं खिडकीतून हात काढून एका मेंढराच्या पाठीवर ठेवला. सोनाजी तिला हात लावू देत थोडा वेळ थांबला. मग त्यानं जिभेनं टकटक आवाज काढला, आणि मेंढरं पुढं सरकली.